आधी सगळ्यांनी जमिनीवर बसून उठून दाखवा

प्रश्न असा आहे: "घरात आम्ही पाच जण. बाबा ७१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे दुखतात. आई ६६, मधुमेह आहे. मी ४३, बँकेत दिवसभर खुर्चीवर. बायको ३९, तिच्या मते घरकामात व्यायाम होतोच. मुलगी १२. जिमला जायला कुणालाच वेळ नाही आणि घरात सामान आणून ठेवायला जागा नाही. सगळ्यांना हॉलमध्ये मिळून करता येईल असा काही साधा व्यायाम आहे का? रोज बारा सूर्यनमस्कार सगळ्यांनी घातले तर चालेल का?"

सूर्यनमस्कारांचं आधी सांगून टाकते. सरसकट सगळ्यांना बारा, हे नको. मी सातारा जिल्ह्यातली. ज्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले आणि १९३०च्या दशकात ते थेट इंग्लंडच्या वाचकांपर्यंत पोचवले, ते औंध आमच्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे नमस्कारांना नावं ठेवायची माझी छाती नाही, आणि तसं कारणही नाही. तुम्ही आणि लेक दोघं खुशाल घाला. पण सूर्यनमस्कार ही साखळी आहे. तिच्यातली एक कडी जमली नाही की माणूस अख्खी साखळी टाकून देतो. बाबांनी वाकून हात टेकले की डोकं खाली जाणार, लगेच वर येऊन मागे झुकायचं, त्यात रक्तदाबाची गोळी. चक्कर यायला एवढं पुरतं. आईंच्या वयात बायकांची हाडं ठिसूळ व्हायला लागलेली असतात. पाठ गोल करून झटक्याने पुढे वाकणं त्यांच्या मणक्यांना परवडत नाही. शिवाय मनगटं. आठव्या दिवशी दोघंही म्हणतील, "आम्हाला नाही बाबा जमत," आणि विषय संपेल.

म्हणून मी घरी सांगते ते वेगळं. व्यायाम एकच, पायऱ्या वेगवेगळ्या. ज्याने त्याने आपल्या पायरीवर उभं राहायचं. आपली पायरी कोणती हे कळायला आज संध्याकाळी एक करा. हॉलमधलं टीपॉय बाजूला सारा आणि एकेकाने जमिनीवर बसून परत उठून दाखवा. घाई नाही, स्पर्धा नाही. बाकीच्यांनी फक्त बघायचं: कुणाचा हात टेकला, कुणाचा गुडघा टेकला, कोण उठताना "अगं आई गं" म्हणालं. बाबांच्या शेजारी तुम्ही उभे राहा आणि हाताशी एक भक्कम खुर्ची असू द्या.

लेक हात न लावता उठेल. तुम्ही बहुधा एक हात टेकाल आणि थोडे वरमाल. खुर्चीवरचे लोक इथे हमखास उघडे पडतात.

ब्राझीलमधल्या काही डॉक्टरांनी याच गोष्टीची पद्धतशीर चाचणी केली आहे. एकूण गुण दहा: बसण्याचे पाच, उठण्याचे पाच. टेकलेल्या प्रत्येक हातामागे किंवा गुडघ्यामागे एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांची ही चाचणी घेऊन त्यांनी पुढे काही वर्षं माहिती ठेवली, आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला की कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. ही बातमी दर वर्ष-दोन वर्षांनी मोबाइलवर "तुम्ही किती जगणार ते ओळखा" अशा मथळ्याने फिरते आणि माझ्याकडे घाबरलेली माणसं येतात. घाबरू नका. हात टेकल्यामुळे कुणी मरत नाही. पायातली ताकद, सांध्यांची लवचीकता, तोल आणि वजन या चारही गोष्टी त्या एका हालचालीत एकदम दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि यातल्या बहुतेक गोष्टी सुधारता येतात.

इथे माझी एक चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मी फिजिओथेरपी करायला लागले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं गुडघेदुखीचा कुणीही आला की माझी ठरलेली कॅसेट असायची: मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जिने टाळा, कमोड वापरा. सूज असलेल्या गुडघ्याला तात्पुरतं हे ठीकच असतं. पण "तात्पुरतं" हा शब्द मी उच्चारायचेच नाही. एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी माझं इतकं मनावर घेतलं की सहा वर्षं ते जमिनीवर बसले नाहीत. एके दिवशी बाथरूमबाहेर घसरले. लागलं काहीच नव्हतं, पण उठताच येईना. घरात कुणी नव्हतं. दुपारी सून येईपर्यंत ते फरशीवर पडून होते. नंतर मला म्हणाले, "तुम्ही खाली बसू नका म्हणालात, मी बसलो नाही. वर कसं यायचं तेच विसरलो." त्यानंतर मी ती कॅसेट फेकून दिली.

आपल्याकडे जेवण, पूजा, निवडणं-टिपणं, धुणं सगळं जमिनीवर होतं तेव्हा माणूस दिवसातून पंधरा-वीस वेळा खाली-वर व्हायचा. डायनिंग टेबल, सोफा, ओटा आणि कमोड आला आणि ही हालचाल दिवसातून गायब झाली. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या घरीही आहे. पण जे गेलं ते व्यायाम म्हणून परत आणावं लागतं. तुमच्या घरचा मुख्य व्यायाम हाच: उठबस.

बाबा आणि आई खुर्चीपासून सुरू करतील. बिनचाकांची, न हलणारी, साधारण ४३ सेंटिमीटर म्हणजे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर फुलीसारखे. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. मोजायचं काम नातीला द्या, ती बरोबर कडक मोजेल. अमेरिकेत ही चाचणी ज्येष्ठांसाठी सर्रास वापरतात. तिथल्या कोष्टकानुसार सत्तर ते चौऱ्याहत्तरमधल्या पुरुषाची १२ पेक्षा कमी झाली, किंवा पासष्ट ते एकोणसत्तरमधल्या बाईची ११ पेक्षा कमी झाली, तर पायातली ताकद वयाच्या मानाने कमी आणि पडण्याचा धोका जास्त समजतात. हातांचा आधार घ्यावाच लागला तर त्या चाचणीत गुण शून्य. आकडे त्यांच्या लोकांवरून काढलेले आहेत, तेव्हा एक-दोन इकडेतिकडे झाले तर मनाला लावून घेऊ नका. खरी तुलना सहा आठवड्यांनंतरच्या आपल्याच आकड्याशी करायची.

हात न लावता एकदाही उठता आलं नाही तर? खुर्चीवर घट्ट घडी घातलेली चादर ठेवा, उंची वाढेल, काम हलकं होईल. आठवड्याने घडी पातळ करा. अशी उंची कमी करत जायचं: उंच खुर्ची, साधी खुर्ची, मग स्टूल, आणि कधीतरी पाट. बाबा पाटापर्यंत पोचले नाहीत तरी बिघडलं नाही. उठताना आधी नाक पायाच्या बोटांच्या वर आणायचं, मग उठायचं. बरेच लोक सरळ पाठीने वर उचलायला बघतात आणि मागे पडतात. बसताना धप्पकन नाही. मनात एक-दोन-तीन म्हणत हळू खाली. वर जाण्यापेक्षा हळू खाली येण्यात मांड्यांना जास्त काम पडतं, आणि जिना उतरताना बाबांना जे भय वाटतं ते याच कामाच्या कमतरतेचं असतं.

"गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. सोडून द्या. जिना चढताना प्रत्येकाचा गुडघा पुढे जातो. तालमीत पोरं चवड्यांवर बैठका मारतात तेव्हा तर गुडघा कुठच्या कुठे जातो. गुडघा पुढे गेल्याने नाही, तयारी नसताना खूप केल्याने दुखतो. बाबांसाठी नियम असा: करताना दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवत असेल तर चालू ठेवा. सकाळी गुडघा सुजलेला किंवा आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेला वाटला तर खुर्ची उंच करा किंवा संख्या निम्मी करा. बंद करू नका. झिजलेल्या सांध्याभोवतीचा स्नायू हाच त्याचा उरलेला आधार.

तुमची पायरी वेगळी. तुम्हाला खुर्चीवरच्या उठाबशा पंधराच्या वर सहज जातील, मग त्यांचा उपयोग संपला. तुम्ही पूर्ण उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या. टाचा उचलल्या जात असतील तर घोटा आखडलेला आहे. टाचांखाली दुमडलेलं पायपुसणं घ्या आणि दर आठवड्याला पातळ करा. ते जमलं की एक पाय मागे नेऊन मागचा गुडघा जमिनीच्या जवळ आणायचा आणि वर यायचं, दोन्ही बाजूंनी आठ-आठ. तेही सोपं झालं की खुर्चीवरून एका पायावर उठून बघा. वजनं न घेता काम जड करायचे मार्ग इतकेच: खोल जा, हळू जा, तळाशी थांबा, नाहीतर एक पाय कमी करा. एका पायावर पोचेपर्यंत बहुतेकांचं वर्ष जातं, तेव्हा घरात डंबेल्स नाहीत याची खंत करू नका.

दुसरा व्यायाम जोर. माझे वडील तालमीत जायचे. लहानपणी मला वाटायचं की जोर म्हणजे फक्त लंगोट लावलेल्या माणसांनी तांबड्या मातीत मारायची गोष्ट. आईंना "जोर मारा" म्हटलं तर त्या पदर तोंडाला लावून हसतील. पण भिंतीला हात लावून, पाऊलभर मागे उभं राहून, छाती भिंतीजवळ नेऊन परत ढकलायचं, हाही जोरच. किती वजन पेलायचं हे हात किती उंचावर टेकले यावर ठरतं. मोजून बघितलं आहे लोकांनी: जमिनीवरच्या साध्या जोरात हातांवर शरीराच्या सुमारे ६४ टक्के वजन येतं, गुडघे टेकवले की ४९ टक्के, आणि पाय जमिनीवर ठेवून हात ६० सेंटिमीटर उंचीवर टेकले की ४१ टक्के. म्हणजे ७० किलोच्या माणसाला पहिल्यात जवळजवळ ४५ किलो, शेवटच्यात २९. भिंतीवर याहून पुष्कळ कमी. मग भिंत, स्वयंपाकघराचा ओटा, पलंगाची कड, जमीन अशा चार पायऱ्या झाल्या. आई-बाबा भिंतीवर, बायको ओट्यावर, तुम्ही पलंगाच्या कडेवर सुरू करा. पलंग सरकतो का ते आधी बघा! मनगट दुखत असेल तर भिंतीवर तळव्यांऐवजी मुठी टेकवा. कमरेचा झोळ होऊ द्यायचा नाही. टाचेपासून डोक्यापर्यंत फळी.

आता खरी अडचण. साधनांशिवाय ढकलता येतं, उठता-बसता येतं, पण ओढता येत नाही. बार नाही, दोर नाही, मग पाठीच्या वरच्या भागाला आणि हाताच्या पकडीला काम कुठून द्यायचं? बिनसाधनांचे व्यायाम सांगणारे बहुतेक लोक इथे गप्प बसतात किंवा पालथं झोपून हात वर उचला म्हणतात. ते कराच, चांगलंच आहे: पालथं झोपा, कपाळ जमिनीपासून बोटभर वर, दोन्ही हात मागे आणि अंगठे छताकडे, पाच सेकंद धरा, सहा वेळा. पण ते ओढणं नव्हे.

उत्तर आपल्याकडे होतं, मला ते बघायला वेळ लागला. समोरचा माणूस हेच साधन. फुगडी! मनगटाला मनगट पकडून, पावलं जवळ, दोघांनी मागे रेललं की दोघांचीही पाठ, खांदे, पकड ताणून काम करतात. आणि बसफुगडी बघा: उकिडवं बसून उड्या, पायांची चांगलीच वाट लागते. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा, फुगडी, पिंगा खेळणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी व्यायामाचा तक्ता दिला नव्हता. त्यांचा तोल, ताकद, दम, सगळं त्यात आलं. दुर्दैव एवढंच की त्याला मुहूर्त श्रावणातल्या मंगळवारचा. वर्षभर काही नाही आणि एका रात्री शंभर फुगड्या. दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात रांग.

तर तुमच्यासाठी संथ फुगडी. तुम्ही आणि लेक समोरासमोर उभे राहा, पावलं जवळजवळ टेकलेली, एकमेकांची मनगटं धरा, बोटं नाहीत, बोटं सुटतात. हात सरळ होईपर्यंत दोघंही मागे रेला. आता तसंच तोलत दोघंही हळू खाली बसा, आणि एकमेकांना ओढत वर या. गिरकी घ्यायची नाही. तुमचं वजन तिच्या दुप्पट असणार, म्हणून तुम्ही गुडघे वाकवून थोडं कमी रेलायचं. तिला ओढलं जाताना वाटता कामा नये. पाच-सहा वेळा करा. बाबांनी यात पडू नये. त्यांनी खुर्चीवर बसून टॉवेलचं एक टोक धरावं, समोर तुम्ही बसून दुसरं. ते कोपर मागे नेत तुम्हाला ओढतील, तुम्ही मुद्दाम थोडा विरोध करून सोडत जाल. आजोबांनी बाबाला ओढलं यात लेकीला जी मजा येईल, तिच्या जोरावर महिनाभर तरी हा कार्यक्रम चालेल. (टॉवेल म्हणजे साधन झालं, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे.)

तिसरा, थोडक्यात: उताणं झोपून गुडघे वाकवा, पावलं टेकलेली, कंबर वर उचला, तीन सेकंद थांबा, खाली. दहा वेळा. खुर्चीवर बसून बसून ज्यांचे कुल्ले झोपी गेले आहेत त्यांना, म्हणजे तुम्हाला, याची सर्वांत जास्त गरज आहे. जमिनीवर झोपायचं नसेल तर आई-बाबांना कडक गादीवर करता येईल. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग बसायचं, अर्धा मिनिट तसंच थांबायचं, मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या गोळीवर असणाऱ्यांनी हे अर्धं मिनिट कधीही विसरू नये.

तोलाचा सराव आई-बाबांना रोज. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनात पासष्टच्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले आहेत; मी रोज म्हणते, कारण याला घाम येत नाही आणि कपडे बदलावे लागत नाहीत. ओट्याला एक हात लावून एका पायावर दहा सेकंद. मग दोन बोटं. मग बोट ओट्यावर न टेकता, फक्त जवळ. चहाला उकळी येईपर्यंत दोन्ही पायांचं होतं. त्याला जोडून टाचा उचलणं, पंधरा वेळा; पोटऱ्यांची ताकद पाय अडखळल्यावर सावरायला लागते. आईंना मधुमेह आहे, तेव्हा त्यांनी अनवाणी करण्याआधी तळवे बघावेत, किंवा तुम्ही बघा. चीर, फोड, बधिरपणा काही असेल तर आधी ते डॉक्टरांना दाखवा, आणि व्यायाम मऊ चप्पल नव्हे, मापाचे बूट घालून. साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी करू नये, साखरेचे दाणे किंवा गूळ हाताशी असावा. डोळ्यांच्या पडद्याला त्रास झालेला असेल तर डोकं खाली जाणारं आणि कुंथून जोर लावायचं सगळं टाळून डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात शतपावली, तीही धरा. जेवणानंतर चढणारी साखर वापरायला चालणारे पाय लागतात.

बायकोचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घरकाम म्हणजे हालचाल, दमणूकही. पण त्यात रोज तेच तेवढंच काम होतं. स्नायू बळकट व्हायला काम हळूहळू जड होत जावं लागतं, आणि भांडी दर महिन्याला जड होत नाहीत. शिवाय उभ्याने चालणारा पोछा आल्यापासून घरकामातलं उकिडवं बसणंही गेलं. तेव्हा आठवड्यातून दोन-तीन दिवस ओट्यावरचे जोर, खोल बैठक आणि कंबर उचलणं एवढं तिला हवंच. चाळिशीनंतर हाडांसाठी ते पुढे कामाला येतं. एक आगाऊपणा करते. तिला "व्यायाम कर" सांगण्याआधी ती वीस मिनिटं कुठून येणार ते बघा. त्या वेळात लादी तुम्ही पुसा, तीही उकिडवं बसून, म्हणजे तुमचंही होईल.

लेकीला मात्र तक्ता देऊ नका. बारा वर्षांच्या मुलीला "दहाचे तीन संच" म्हटलं की ती मोबाइलकडे बघणारच. तिला दिवसाला तासभर धावपळ हवी आणि आठवड्यातून तीन दिवस तरी उड्या मारायला हव्यात. कारण याच वयात हाडं भराभर भरतात, आणि विशीच्या आसपास जेवढा साठा झाला त्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. लंगडी यासाठी मला कुठल्याही परदेशी व्यायामापेक्षा आवडते. एका पायावर उडी, दिशा बदलणं, दम, तोल, सगळं तिच्यात आहे आणि एका खडूच्या रेषेवर होतं. इमारतीखाली चार मुली जमवून दिल्यात तर तुमचं काम झालं. बेडूकउड्या, खांबखांबोळी, भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहणं, काय हवं ते. उठाबशा शिक्षा म्हणून कधी काढायला लावू नका, शाळेत तसं होत असेल तर जाऊन बोला. एक तर ज्या गोष्टीची आयुष्यभर गरज आहे तिचा राग बसतो. दुसरं म्हणजे सवय नसताना शंभर-दोनशे काढायला लावल्या की स्नायूंची मोडतोड होऊन त्यांच्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जातं. मांड्या सुजून फार दुखल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच रुग्णालयात न्यायचं. हे मोठ्यांनाही लागू आहे, विशेषतः ज्यांना पहिल्याच दिवशी जुना उत्साह चढतो त्यांना.

म्हणून पहिले दोन आठवडे कंजूषपणा करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी वीस मिनिटं. प्रत्येक व्यायामाचे दोनच संच, मध्ये मिनिटभर विश्रांती. संख्या अशी धरा की शेवटी "अजून दोन-तीन झाल्या असत्या" असं वाटावं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबेल, ते होणारच. जिना उतरताना तोंड वाकडं झालं तरी चालतं, पण कठडा धरून उतरावं लागलं तर जास्त झालं. तिसऱ्या आठवड्यापासून तीन संच. मधल्या दिवशी चालणं. मोठ्यांनी सगळं मिळून आठवड्याला दीडशे मिनिटांच्या आसपास पोचावं.

श्वासासाठी फार अवघड काही नाही. धरायचा नाही, बस. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो. त्याला उपाय सोपा आहे: आकडे मोठ्याने मोजायचे. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. बाबांना मोजणं कंटाळवाणं वाटलं तर त्यांना पाढे म्हणू द्या. माझ्याकडे एक आजोबा येतात, ते अडीचकी म्हणत उठाबशा काढतात आणि नातवाला अडवतात. बाबांचा रक्तदाब त्या दिवशी १८०-११० च्या पुढे असेल तर व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळा दम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर तिथेच थांबून रुग्णालय. "जरा बसतो, बरं वाटेल" नाही.

शेवटचा व्यायाम फक्त बाबांसाठी, आणि दोन महिन्यांनी आईंसाठी. पडल्यावर उठायचा. चटई टाका, भक्कम खुर्ची तीन-चार पावलांवर ठेवा. बाबांना आधाराने खाली झोपवा. आता ते कुशीवर वळतील. खालचं कोपर टेकवून वरच्या हाताने जमीन ढकलत अर्धं उठतील. मग दोन्ही हात-गुडघ्यांवर, घोड्यासारखे. गुडघ्याखाली उशी द्या. तसेच रांगत खुर्चीपर्यंत. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, जास्त ताकद असलेल्या पायाचं पाऊल पुढे टेकवून, हात आणि तो पाय दोघांनी ढकलत वर, आणि वळून खुर्चीत. पहिल्या वेळेला पाच मिनिटं लागतील आणि ते वैतागतील. गुडघ्यावर रांगणं अगदीच सोसत नसेल तर बसल्या बसल्या मागे सरकत पलंगाच्या पायथ्याशी जायचं, तिथे उशा ठेवून एकेक पायरी वर चढायचं. आठवड्यातून एकदा पुरे. माझ्या त्या शिक्षकांना हे शिकवायला तीन आठवडे लागले. आता ते दर गुरुवारी स्वतःहून खाली झोपतात आणि उठतात, सुनेला वेळ लावायला सांगतात.

तेव्हा आज फक्त खुर्चीवरचा बाबांचा आणि आईंचा तीस सेकंदांचा आकडा काढा आणि सगळ्यांची जमिनीवरची उठबस बघा. आकडे तारखेसकट फ्रिजवर चिकटवा. सहा आठवड्यांनी परत मोजा आणि मला कळवा. बाबांचा गुडघा दुसऱ्या सकाळी कसा असतो तेही लिहा, त्यावरून पुढची पायरी सांगते.